संमती बापाची, प्रश्न इस्टेटीचा

इंग्लंडमध्ये आपल्या पूर्वजांचा माग काढणारे लोक चर्चच्या जुन्या लग्न-नोंदवह्या चाळतात, तेव्हा त्यांना अनेकदा एक शेरा सापडतो : 'आईबापांच्या संमतीने'. अर्थ एवढाच की वर किंवा वधू 21 वर्षांखालची, म्हणजे कायद्याने अज्ञान होती. वाचणाऱ्याला वाटतं, किती काळजी होती लेकरांची! मित्रांनो, कायदा नीट वाचला की ही काळजी कशाची होती ते कळतं.

1753 साली लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी विवाह कायदा आणला. 25 मार्च 1754 पासून तो लागू झाला. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात चार पैसे घेऊन चोरून लग्न लावणारे पाद्री होते, आणि तशी लग्नंही वैध धरली जात. नव्या कायद्याने 21 वर्षांखालच्या कुणी लायसन्स काढून बापाच्या संमतीशिवाय लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल. झालेली मुलं अनौरस, वारसाहक्क संपला.

पण चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा करून लग्न लावलं, तर? तिथे आईबापाने उभं राहून हरकत घेतली तरच अडचण. गप्प राहिले तर लग्न पक्कं. आता लायसन्सला पैसे पडत, ते काढणार कोण? इस्टेटवाले. गरीब जोडपी पुकाऱ्याने लग्न करत, आणि कितीतरी जण मुद्दाम अशा गजबजलेल्या शहरी चर्चमध्ये जात की जिथे त्यांना कुणी ओळखत नाही. म्हणजे इस्टेट जिथे, कायद्याचा काच तिथेच जास्त.

आणखी पाहा. लग्नाचं किमान वय मात्र मुलीसाठी 12 आणि मुलासाठी 14 हेच राहिलं, तेही थेट 1929 पर्यंत! बापाने होकार दिला तर 12 वर्षांच्या मुलीचं लग्न कायदेशीर, आणि 20 वर्षांच्या मुलीने स्वतःच्या मनाने लायसन्सवर केलेलं लग्न रद्द. याला बालसंरक्षण म्हणायचं?

आईचं स्थान तर विचारूच नका. बाप मेलेला हवा, त्याने नेमलेला पालक नसावा आणि तिने पुन्हा लग्न केलेलं नसावं, तेव्हा कुठे तिची संमती चाले. आईने किंवा पालकाने विनाकारण नकार दिला तर चॅन्सेलरकडे दाद मागता येई. बापाच्या नकाराविरुद्ध ती सोयच नव्हती.

संसदेत या विधेयकावर तुटून पडलेले हेन्री फॉक्स स्वतः 1744 साली ड्यूक ऑफ रिचमंडच्या मुलीला पळवून नेऊन लग्न केलेले. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळत. 1772 साली न्यूकॅसलच्या कोळसा व्यापाऱ्याच्या मुलाने, जॉन स्कॉटने, बँकरची 18 वर्षांची मुलगी बेसी सर्टीस हिच्यासोबत स्कॉटलंड गाठलं. हाच स्कॉट पुढे लॉर्ड एल्डन या नावाने लॉर्ड चॅन्सेलर झाला! म्हणजे नाकारलेल्या संमतीची दाद ज्याच्याकडे मागायची, तोच.

ज्यांना पळणं परवडत नव्हतं ते वय वाढवून सांगत. म्हणून वंशावळ शोधणाऱ्यांनी '21 वर्षे पूर्ण' या शेऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडून पाहावं. वय 19 निघालं तर त्या खोट्यामागे कुणाची तरी इच्छा उभी आहे, जी नोंदवहीत दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही.

1823 मध्ये कायदा बदलला. असं लग्न रद्द होणं थांबलं, पण खोटी शपथ घेणाऱ्याला त्या लग्नातून मिळणारी मालमत्ता गमवावी लागे. पुन्हा मालमत्ताच!

हीच 21 वर्षांची अट ब्रिटिशांनी 1872 च्या विशेष विवाह कायद्यात भारतात आणली. इथे इस्टेटीला जात जोडलेली होती. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि बालविवाह हे त्याचंच एक साधन, हे बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्ये मांडलं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही 18 वर्षांखालच्या वधूसाठी पालकाची संमती होती, आणि पालकांच्या यादीत पहिला बाप. ती 1978 मध्ये गेली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी 2023 पासून 18 वर्षांखाली लग्नच नाही, त्यामुळे आईबापांच्या संमतीचा प्रश्नही संपला. त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातचे मुख्यमंत्री म्हणाले, प्रेमविवाहाला आईबापांची संमती सक्तीची करता येईल का, याचा अभ्यास करू. आणि ही चर्चा सज्ञान मुलामुलींच्या लग्नाची होती.