दोन वर्षांचं लेकरू बोलत नाही? ऑटिझमची तपासणी कुठे आणि कशी होते, वाचा

छत्रपती संभाजीनगर : "त्याचा बापही उशिराच बोलला होता," असं म्हणता म्हणता खेड्यात लेकराची तीन-चार वर्षं निघून जातात. कधी कधी ते खरंही असतं. पण बोलणं नाही आणि हाक मारली तर वळून बघणंही नाही, असं असेल तर थांबू नये. हे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असू शकतं.

वर्षाचं झालं तरी नावाला ओ नाही. दीड वर्षाचं झालं तरी वासरू, ट्रॅक्टर बोटानं दाखवत नाही. पाहिजे ती वस्तू घ्यायला आईचा हात ओढत नेतं. दोन वर्षांचं झालं तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही. खेळण्याची गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसतं. बोलत असलेलं लेकरू बोलायचं थांबलं, तर लगेच डॉक्टर गाठावा.

गावातली पहिली जागा अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं पथक वर्षातून दोनदा तिथं येतं. ही योजना २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाली. वजन-उंचीच्या गडबडीत बोलण्याचा विषय राहून जातो, म्हणून आईनं स्वतःहून सांगावं. तपासणी मोफत असते.

ही झाली नुसती चाळणी. 'एम-चॅट' या १६ ते ३० महिन्यांच्या लेकरांसाठीच्या २० प्रश्नांतूनही फक्त शंका कळते, निदान होत नाही. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. घाटीत बालरोग विभागातही दाखवता येतं. आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारं लेकरूही हाकेला वळत नाही. रक्ताच्या चाचणीत किंवा स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही. डॉक्टर लेकराला बघून, आईबापाला विचारूनच ठरवतात.

लस किंवा आईचे लाड, यातल्या कशानंही ऑटिझम होत नाही. हे घरातल्या मोठ्यांनीही ऐकावं.

२०१६ च्या कायद्यानं ऑटिझमला दिव्यांगत्व मानलंय. प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. ७० किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. मात्र बोलण्याची, वागण्याची थेरपी सुरू करायला प्रमाणपत्राची वाट बघू नये.

दवाखान्यात लेकरू बुजतं. घरी खेळतानाचे, हाक मारल्यावरचे दोन-तीन व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून न्यावेत.