सर्कशीतील बलोपासक राममूर्ती

लहानपणी आम्ही जोर-बैठका काढू लागलो म्हणजे वडील हसून विचारीत, “काय, राममूर्ती व्हावयाचे आहे काय?” हा राममूर्ती म्हणजे कोणी पुराणपुरुष असावा, अशीच आमची समजूत होती. वस्तुतः कोडी राममूर्ती नायडू हे आंध्रातील वीरघट्टम गावी 1882 साली जन्मले आणि 1942 साली ओरिसातील पाटणागड येथे वारले. सर्कशीत येण्यापूर्वी ते विजयनगरम येथे मुलांना व्यायाम शिकवीत. म्हणजे आम्हां शिक्षकांच्याच पंक्तीचे.

ज्या सर्कशीने त्यांस कीर्ती दिली, तिचा हिंदुस्थानातील पाया मात्र मराठी माणसाने घातला. कुरुंदवाड संस्थानातील अश्वविद्याविशारद विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत इटालियन कियारिनीची सर्कस पाहून 1880 साली स्वतःची सर्कस उभी केली. पुढे देवल, कार्लेकर प्रभृतींनी तीच वाट धरली.

राममूर्ती छातीभोवती साखळदंड गुंडाळून श्वास भरीत व तो तोडून टाकीत. धावू पाहणारी मोटार रोखून धरीत. छातीवर फळी ठेवून तीवरून हत्ती चालवीत. ह्यात कसब नव्हते असे नाही. फळीची टोके जमिनीकडे टेकलेली असल्यामुळे हत्तीचा काही भार तिकडे वाटला जातो. तथापि उरलेला भारही सामान्य मनुष्याच्या बरगड्या मोडण्यास पुरेसा असतो. जत्रेतल्या राहुटीत आधीच कानसलेली कडी तोडणारे वीर आम्ही पाहिले आहेत; त्यांची गोष्ट निराळी.

गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या सीमाभागातील अशाच एका वृद्ध ताकदवीराचा दहा मिनिटांचा माहितीपट तयार केला व आम्हांस घरी आणून दाखविला. ऐन उमेदीत छातीवर हत्ती घेणारा तो मनुष्य आता भिंतीचा आधार घेतल्यावाचून उठू शकत नाही. मालक बदलले, तंबू उठला; निवृत्तिवेतन कसले, खेळाचे हस्तपत्रकही त्याच्याजवळ उरले नाही. आम्ही छत्र्यांचे साल पाठ करवून घेतले, परंतु दोन कोसांवर राहणाऱ्या ह्या मनुष्याचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते, ह्याची त्या दिवशी लाज वाटली.

चित्रपटात तो मुलगा विचारतो, “आजोबा, ती साखळी कुठं आहे?” म्हातारा गोठ्याकडे बोट दाखवितो. तिने आता म्हैस बांधलेली आहे.