अंगावरून गेलेलं वारं

शिरूर अनंतपाळकडे कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडला की माणसं म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' वैद्यांचा शब्द अर्धांगवायू. त्यातही वायू आहेच. चरकसंहितेत हाच आजार पक्षवध या नावाने येतो, तो वातव्याधीच्या अध्यायात. चरकांचा वात आणि रसायनशाळेतला वायू एक नव्हेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण या आजारात एक खराखुरा वायू गुंतलेला आहे, आणि त्याचा माग सुरुंगाच्या दारूतून निघतो.

१८४७ साली तुरीनमध्ये आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन बनवलं, जिभेला लावून पाहिलं, तर डोकं ठणकू लागलं. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचं डायनामाइट केलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी तेच औषध म्हणून छातीतल्या कळेवर दिलं. काळा पाषाण फोडणारा सुरुंग आणि जिभेखालची गोळी अशी एकाच कुळातली. हृदयविकार जडल्यावर नोबेलनाही डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं. १० डिसेंबर १८९६ रोजी ते गेले, ते मात्र मेंदूत रक्तस्राव होऊन.

गोळीने रक्तवाहिनी सैल का पडते, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९७७ मध्ये फरीद मुराद यांना दिसलं की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की रक्तवाहिनीचं अस्तरच तिला सैल करणारं काहीतरी सोडतं. तेही हाच वायू, हे पुढच्या सात वर्षांत ठरलं. १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, मुराद आणि लुई इग्नारो यांना मिळालं.

मेंदूत मात्र हा वायू दुतोंडी. अस्तरात तयार झाला तर रक्त वाहतं ठेवतो. रक्तपुरवठा तुटलेल्या चेतापेशीत अतोनात तयार झाला तर तिलाच मारतो. १९९४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी चेतापेशीतला हा वायू बनवणारं जनुक काढलेल्या उंदरांत पक्षाघाताची इजा कमी झालेली पाहिली.

मग रक्तवाहिनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन पक्षाघातावर का नको? ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतच त्याची पट्टी लावून ११४९ जणांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला: फायदा नाही, आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना उलट अपायाची शंका.

म्हणून तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घरातली छातीची गोळी जिभेखाली ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.