अंडाशय-कर्करोगाचे जनुकीय पूर्वानुमान

अर्बुदातील जनुकांची क्रियाशीलता (अभिव्यक्ती) मोजून अंडाशय-कर्करोगाच्या रुग्णाच्या जीवनकालाचा अंदाज बांधण्याची पद्धती (→ कर्करोग, जनुक). रोगाची अवस्था, वय आणि शस्त्रक्रियेनंतर शरीरात उरलेला गाठीचा भाग हे पूर्वानुमानाचे जुने निकष होत. ते सारखे असूनही रुग्णांच्या जीवनकालात मोठी तफावत आढळते. मायक्रोॲरे तंत्रामुळे हजारो जनुकांचा संदेशवाहक आरएनए एकाच वेळी मोजता येऊ लागला व या तफावतीचा शोध सुरू झाला.

अमेरिकेतील ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ प्रकल्पाने २०११ मध्ये अंडाशयाच्या उच्च श्रेणीच्या, सीरस प्रकारच्या ४८९ अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीपी५३ जनुकातील उत्परिवर्तन जवळजवळ सर्वच अर्बुदांत (९६%) आढळल्याने त्यावरून रुग्णांत भेद करता येत नाही. म्हणूनच अभिव्यक्तीचे मोल अधिक. प्रकल्पाने अर्बुदांचे चार उपप्रकार व जीवनकालाशी निगडित १९३ जनुकांचा संच मांडला. प्रतिकार-पेशींची जनुके सक्रिय असल्यास जीवनकाल सामान्यतः अधिक, तर संयोजी ऊतकाची सक्रिय असल्यास कमी आढळतो (→ प्रतिरक्षा).

सुरुवातीचे अनेक संच इतर रुग्णगटांत टिकले नाहीत. २०२० मध्ये ३,७६९ रुग्णांच्या साठविलेल्या ऊतकांवरून १०१ जनुकांचा संच सिद्ध झाला. त्यानुसार केलेल्या रुग्णांच्या पाच गटांपैकी पहिल्याचा मध्यक जीवनकाल ९.५ वर्षे, तर शेवटच्याचा २.३ वर्षे होता. उपचाराच्या निवडीत मात्र बीआरसीए जनुकांतील उत्परिवर्तनांची चाचणी महत्त्वाची ठरते (→ उत्परिवर्तन).