डायइथाइल थॅलेट : सुगंधामागचा गंधहीन द्रव

लग्नसमारंभात पाहुण्यांच्या मनगटावर लावले जाणारे अत्तर, देवघरातील उदबत्ती, कार्यालयात निघताना अंगावर फवारलेला डिओडरंट आणि न्हाणीघरातील सुवासिक साबण या चारही वस्तूंमध्ये एक समान घटक असू शकतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो आणि वेष्टनावर त्याचे नाव सहसा छापलेले नसते. डायइथाइल थॅलेट हे त्याचे रासायनिक नाव. व्यापारात मात्र तो 'डीईपी' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात विद्रावक म्हणून आणि काही अंशी सुगंध टिकवणारा स्थिरक म्हणून त्याचा वापर होतो.

डीईपी निसर्गातून काढला जात नाही. तो कारखान्यात तयार करतात. थॅलिक अनहायड्राइड आणि इथाइल अल्कोहोल यांची गंधकाम्लासारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात अभिक्रिया घडवली की हा एस्टर मिळतो. थॅलिक आम्ल प्रथम १८३६ मध्ये ऑग्यूस्त लोराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नॅफ्थॅलिनपासून मिळवले. 'थॅलिक' हे नावही 'नॅफ्थॅलिन'चेच कापलेले रूप होय. डीईपी हा रंगहीन, तेलकट, चवीला कडू असा द्रव आहे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २९५ अंश सेल्सियस असून घनता १.१२ आहे, म्हणजे बहुतेक तेलांप्रमाणे तो पाण्यावर तरंगत नाही, तळाशी जातो. एक लिटर पाण्यात तो जेमतेम एक ग्रॅम विरघळतो, अल्कोहोलमध्ये मात्र सहज मिसळतो.

सुगंधाला त्याची गरज का?

सुगंधी मिश्रणात वापरले जाणारे सर्वच पदार्थ द्रवरूप नसतात. व्हॅनिलीन, कूमरिन आणि कस्तुरीचा वास देणारी काही कृत्रिम संयुगे स्फटिकरूप असतात, तर काही राळा इतक्या दाट असतात की त्या ओतताही येत नाहीत. हे सारे एकजीव करायचे तर त्यांना विरघळवणारा, पण स्वतःचा वास मध्ये न आणणारा द्रव लागतो. डीईपी ही अट पुरी करतो आणि तो स्वस्तही आहे.

त्याच्या स्थिरक गुणाचे कारण भौतिक आहे. मोगरा किंवा लिंबू यांसारखे हलके गंध त्वचेवरून झपाट्याने उडून जातात. सहजासहजी न उडणाऱ्या द्रवात ते मिसळले, तर पृष्ठभागावरील त्यांच्या रेणूंचे प्रमाण घटते, बाष्पदाब कमी होतो आणि उडण्याचा वेग मंदावतो. तरीही डीईपी हा स्थिरक म्हणून दुबळाच मानला पाहिजे. चंदन, ऊद किंवा लोबान यांच्याप्रमाणे तो सुगंधात स्वतःची भर घालत नाही. तो केवळ वाट अडवतो.

त्याच्या कडूपणाचाही उपयोग करून घेतला गेला आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी करसवलतीत मिळणारे अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात डीईपी मिसळतात. अमेरिकेत '३९-सी' या प्रकारच्या विकृत अल्कोहोलमध्ये १०० गॅलनांमागे एक गॅलन डीईपी घालण्याचा नियम आहे.

चंदनाची जागा

भारतीय अत्तराच्या कहाणीत डीईपीचा प्रवेश महत्त्वाचा ठरला. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या 'देग'मध्ये फुले व पाणी तापवून निघालेली वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त नेली जाते. परंपरेने या भपक्यात चंदनाचे तेल असे. फुलांचा गंध ते शोषून घेई आणि तेच अत्तराचा आधार बने. चंदनाचे वृक्ष घटत गेले, तेलाचा भाव किलोमागे लाख रुपयांच्या वर गेला, आणि अनेक उत्पादकांनी आधार म्हणून पातळ पॅराफिन तेल किंवा डीईपी वापरण्यास सुरुवात केली. त्यामुळे सामान्य माणसाला परवडणारी अत्तरे बाजारात राहिली हे खरे. पण 'अत्तर' या शब्दाचा अर्थही त्यासोबत पातळ झाला.

उदबत्तीचेही तसेच. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि जिगट यांपासून वळलेल्या बिनवासाच्या काड्या सुगंधी मिश्रणात बुडवून वाळवतात. ते मिश्रण पातळ करण्यासाठी डीईपीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो.

प्रश्न वापराचा नसून लपवण्याचा आहे. शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या चंदन तेलात डीईपी मिसळला, तर तो डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. दोघांचे अपवर्तनांक १.५० च्या आसपास असल्याने ती साधी तपासणीही फसते. चंदन तेलाची घनता मात्र ०.९७ ते ०.९८ असते, ती वाढलेली दिसली तर संशय घ्यावा. खात्रीलायक उत्तर प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीच देते.

आरोग्याचा प्रश्न

थॅलेट या कुळाचे नाव गेल्या काही दशकांत बरेच बदनाम झाले. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी वापरली जाणारी डीईएचपी व डीबीपी ही याच कुळातील संयुगे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांचा प्रजननसंस्थेवर दुष्परिणाम दिसल्यामुळे २००४ मध्ये युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांना बंदी घातली. २००८ मध्ये अमेरिकेनेही लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर निर्बंध आणले. डीईपी या दोन्ही याद्यांत नव्हता. त्याचा रेणू लहान असून त्याचे परिणाम भावंडांसारखे आढळले नाहीत, आणि युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००२ मध्ये त्याचा प्रचलित वापर सुरक्षित ठरवला.

मात्र त्यामुळे विषय संपला नाही. शरीरात गेलेल्या डीईपीचे मोनोइथाइल थॅलेट बनते आणि ते लवकरच मूत्रावाटे बाहेर पडते. २००० साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी २८९ प्रौढांच्या मूत्राची तपासणी केली, तेव्हा मोजलेल्या थॅलेट-अवशेषांत याचेच प्रमाण सर्वाधिक निघाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अवशेषाचा पुरुषांच्या शुक्राणूंतील डीएनएच्या हानीशी संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे. पण पदार्थ बाहेर टाकला जातो तसाच तो रोज नव्याने आतही येतो, हे यातून स्पष्ट झाले.

अशा वेळी ग्राहकाला निवड करता यावी, ही किमान अपेक्षा. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून सुगंधाचे घटक वेगवेगळे न देता 'फ्रॅग्रन्स' हा एकच शब्द छापण्याची मुभा आहे. आपल्याकडील वेष्टनांवरही बहुधा 'परफ्यूम' एवढाच उल्लेख आढळतो. त्या एका शब्दाआड अनेक पदार्थ सामावलेले असतात. डीईपीला डायप्रोपिलीन ग्लायकॉल, ट्रायइथाइल सायट्रेट, बेंझिल बेंझोएट असे पर्याय आहेत. पण तेही सर्वांसाठी निर्धोक नाहीत. बेंझिल बेंझोएट हे युरोपात वेष्टनावर जाहीर कराव्या लागणाऱ्या ॲलर्जीकारक घटकांपैकी एक आहे.

म्हणून डीईपीचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही आणि 'नैसर्गिक' हा शब्द वाचून निश्चिंत होण्याचेही नाही. अत्तर घेताना आधार कोणता आहे, चंदनाचा की अन्य कशाचा, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. फारच कमी किमतीत 'शुद्ध चंदनाचे अत्तर' मिळत असेल, तर बाटलीतील बराचसा भाग बिनवासाचा असण्याचीच शक्यता अधिक.