चावी भरा, सुई बदला

बोट बंदराला लागत नाही. ती दूर खोल पाण्यात उभी राहते आणि तुम्हाला पडावात उतरावं लागतं. सन 1935, महिना डिसेंबर. दिवसभर समुद्रावर हेलकावे खाल्लेत, पण बगलेतलं गाठोडं तुम्ही एकदाही खाली ठेवलेलं नाही. आधी वर्तमानपत्रात, मग पंच्यात, मग घोंगडीत गुंडाळलेल्या तीन तबकड्या आहेत त्यात. लाखेच्या. हातातून निसटल्या तर कपबशीसारख्या फुटतील. पडावातला तांडेल हात पुढे करतो, तुम्ही उडी टाकता, आणि रत्नागिरीत मांडवीच्या वाळूवर पाय टेकल्यावर पहिल्यांदा गाठोडं चाचपून बघता. शाबूत आहे.

रात्र पडली आहे. कुठे तरी सुकटीचा वास, कुठे माडांची सळसळ. ज्या घरी जायचं ते टिळकांच्या जन्मघरापासून फार लांब नाही. चिऱ्याचं जोतं, कौलारू छप्पर, ओटीवर कंदील. वीज नाही, आणि फोनोला, म्हणजे ग्रामोफोनला, ती लागतही नाही. बाजूला चावी आहे, आत स्प्रिंग आहे. अंधाऱ्या कोकणात गाणं पोचलं ते या स्प्रिंगच्या जोरावर.

“आणलीत?” यजमान विचारतात. पाणी, गूळ नंतर.

ते सुईची पत्र्याची डबी उघडतात. पोलादाची सुई एका बाजूपुरतीच. तबकडी उलटली की नवी लावायची, नाहीतर झिजलेलं टोक खाचा खरवडून काढतं आणि गाण्यावर कायमचा ओरखडा राहतो. काटकसरी घरांत एकच सुई पुन्हा पुन्हा वापरतात. हे यजमान तसं करत नाहीत. मीठ-मिरचीत काटकसर करतील, सुईत नाही. ओटीवर आता सात-आठ माणसं जमली आहेत, पायरीवर पोरं. माजघराच्या दारातून बायका ऐकतायत.

पहिली तबकडी मास्टर दीनानाथांची. ‘रणदुंदुभि’ हे वीर वामनराव जोशींचं नाटक 1927 सालचं, चाली वझेबुवांच्या. ‘परवशता पाश दैवे’ सुरू होतं आणि तुम्हाला जाणवतं की या गावात हे पद वेगळं ऐकू येतं. टेकडीवर थिबाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला 1886 साली इथे आणून ठेवलं. 1910 साली त्याच्यासाठी हा वाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. आणि याच गावात आत्ता, या घडीला, सावरकर स्थानबद्ध आहेत. त्यांचं ‘संन्यस्त खड्ग’ दीनानाथांच्याच बळवंत संगीत मंडळीने 1931 साली रंगभूमीवर आणलं. नाटकाला गावं मोकळी होती, नाटककाराला जिल्ह्याची हद्द ओलांडायची मनाई. अशा गावात परवशतेचं पद तबकडीवरून वाजतं तेव्हा ओटीवर कुणी मान डोलवत नाही. सगळे नुसते ऐकतात.

तान वीज चमकावी तशी निघते. गाणारा माणूस अजून पस्तिशीचाही नाही. त्याची थोरली मुलगी, लता, सहा वर्षांची आहे. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला ठाऊक आहे की 24 एप्रिल 1942 ला हा आवाज थांबणार. पण इथे ते कुणाला सांगता येत नाही. तुम्ही सुई उचलता आणि डबीत टाकता, एवढंच.

दुसरी तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची. ते घाटावर मिरजेला राहतात. ‘पिया बिन नाही आवत चैन’, झिंजोटीतली ठुमरी. दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. तासाभराचं गाणं त्यात कोंबायचं म्हणजे गाण्याचा गळाच आवळला, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. खाँसाहेबांनी गाणं आखूड केलेलं नाही, निवडलेलं आहे. प्रत्येक सूर असा लावलाय की दुसऱ्यांदा लावायची गरज पडू नये. मैफलीत जे पसरून सांगायचं ते इथे एका श्वासात सांगितलं जातं, आणि तो श्वास आपल्याला घरी नेता येतो.

मध्येच चावी उतरते. फेरे मंदावतात, खाँसाहेबांचा सूर हळूहळू खाली घसरत जातो, आणि पायरीवरचा एक पोरगा धावत येऊन चावी भरतो. सूर पुन्हा वर चढतो, जागच्या जागी येऊन बसतो. सूर चढला-उतरला म्हणजे काय, हे त्या पोराला कुठल्याही गुरूआधी फोनोने शिकवलं.

तिसरी तबकडी तुम्ही विकत घेतलेली नाही. रत्नागिरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर खलाशी आहेत. बोटीवर भेटलेल्या अशाच एकाने ती दिली, “आमच्या घरात कोण ऐकणार?” म्हणून. लुई आर्मस्ट्राँगचं ‘मेलन्कली ब्लूज’, शिकागोत मे 1927 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, म्हणजे ‘रणदुंदुभि’च्याच वर्षीचं. मुंबईत यंदाच ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा जॅझचा ताफा आला आहे, पण तो ऐकायला कोट-टाय आणि पैसे लागतात. इथे कंदिलाच्या उजेडात, सुपारी कातरता कातरता, ट्रम्पेट वाजतं. यजमान डोळे मिटून ऐकतात. बाजू संपते.

“भाषा कळत नाही,” ते म्हणतात, “पण दुःख नीट सुरात आहे. पुन्हा लावा.”

तुम्ही नवी सुई लावता.

इथून उडी मारा, थेट 1977 मध्ये. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, सोबत सुईसुद्धा. त्या तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. आणि त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँगचं तेच ‘मेलन्कली ब्लूज’ आहे. केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या. ध्वनिमुद्रणाचा त्यांना तिटकारा होता, मोजक्याच तबकड्या त्यांनी दिल्या. त्यांतल्या एकीवरचं गाणं आज पृथ्वीपासून 2400 कोटी किलोमीटरांपलीकडे आहे. रत्नागिरीच्या ओटीवर जॅझ आणि आपलं गाणं एकामागून एक वाजवण्यात काही वावगं नव्हतं, हे त्या यानाने कबूल केल्यासारखं मला वाटतं.

आता आजच्या रत्नागिरीत या. थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो, हजारो माणसं बसतात, उत्तम ध्वनिव्यवस्था असते. पण जुन्या घरांच्या माळ्यावर त्या तबकड्या अजून आहेत. कोकणचा पावसाळा त्यांचा वैरी. कागदी पाकीट ओल धरतं आणि खाचांवर पांढरी बुरशी चढते. घाबरू नका, ती निघते. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ फडकं, खाचेच्या दिशेनेच पुसायचं, मधला कागद भिजू द्यायचा नाही, आणि सावलीत उभी वाळवायची. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका, त्यात लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. मग जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या.

गणपतीआधी माळा झाडाल तेव्हा काळी, जड, दहा इंची चकती हाती लागली तर भंगारवाल्याला देऊ नका. आधी तिच्यावरचं नाव वाचा.