शुहूर सन व विज्ञानाचें अध्यापन

भोर-वेल्हे भागांतील जुन्या कागदांचा रुमाल सोडतांच शुहूर सनाचे अरबी अंकशब्द समोर येतात. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. तें ऋतूंतून सरकत जातें व पिकांच्या वसुलाशीं जुळत नाहीं. म्हणून दक्षिणेंत इ. स. १३४४ मध्यें हिजरी ७४५ चाच अंक धरून हा सौर सन निघाला. अंकनामें अरबी, वर्षारंभ मात्र सूर्याच्या मृगप्रवेशीं. इसवी सन काढण्यास मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे. मार्च १७०४ मध्यें औरंगजेबानें वेल्ह्याचा तोरणा घेतला, तेव्हां सन 'अर्बा मया व अलफ', म्हणजे चार, शंभर व हजार मिळून ११०४ होता. येथें ५९९ मिळविल्यास १७०३ येऊन वर्ष चुकेल.

सम्राट जगन्नाथानें युक्लिडाची भूमिती अरबीवरून 'रेखागणित' ह्या नांवानें संस्कृतांत आणिली. तेव्हां आम्हां संस्कृत शिकलेल्यांस अरबी विद्येचें ऋण मानण्यांत संकोच नसावा. विद्यापीठांत गणित, ज्योतिष व स्थापत्य शिकविणारांनीं इस्लामी विद्येचा भाग शिकवितांना हें उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावें. संग्राहकांनीं आपल्या रुमालांतील असे कागद विद्यार्थ्यांस दाखवावे, अशी आमची विनंती आहे.